दारापर्यंतची वेळ

भिलाईहून पुणं किती लांब, या प्रश्नाची माझ्याकडे चार उत्तरं होती. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली तर साडेआठशे किलोमीटरच्या थोडं आत. रस्त्याने हजाराच्या आसपास. रेल्वेने त्याहून जास्त, म्हणजे बहुतेक गाड्यांनी एक रात्र आणि वर दिवसाचा मोठा तुकडा. आणि विमानाने पावणेदोन तास. हे चौथं उत्तर ऐकलं की समोरचा माणूस खुर्चीत मागे टेकून बसायचा. आधीची तीन त्याला ऐकू आलेलीच नसायची.

भिलाईतल्या हुडको वसाहतीच्या बाजारात माझं तिकिटांचं दुकान होतं. तीस वर्षं चाललं. मी आणि माझी पत्नी शोभा असे दोघेच तिथे बसायचो. सुरुवातीला रेल्वेचीच तिकिटं जास्त, मग हळूहळू विमानाची. पोलाद कारखान्यातल्या लोकांची मुलं शिकून बेंगळुरू-पुण्याला गेली आणि आमचा धंदा त्यांच्या मागे मागे गेला. गेल्याच्या गेल्या फाल्गुनात शोभा वारली. त्यानंतर मी दुकान उघडलं नाही.

तीस वर्षांत मी माणसाच्या पोचण्याची वेळ दोनदा चुकीची सांगितली. एकदा नकळत आणि एकदा जाणूनबुजून. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: घरातून माती, म्हणजे मयत, उठण्याआधी बाहेरगावचं माणूस दारात पोचेल की नाही. त्या दोन वेळांबद्दल लिहायचं आहे. पण आधी धंदा थोडा समजावून सांगावा लागेल, नाहीतर चूक कुठे झाली ते कळणार नाही.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या शहरात आपल्या जागेवर थांबलं तिथपर्यंतची. त्यात जमिनीवर रांगण्याचा वेळ असतो आणि कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली थोडी सैल जागाही असते. प्रत्यक्ष हवेत विमान त्याहून कमी वेळ असतं. आता लोक फोनमध्ये दोन शहरांची नावं टाकतात आणि एक आकडा मिळवतात. तो आकडा सरळ रेघ आणि विमानाचा वेग यांचा भागाकार असतो. हिशेब म्हणून बरोबर, पण त्यात विमानतळाची रांग नसते, बॅगांचा पट्टा नसतो आणि कुम्हारी नसते. आमच्याकडे विमानतळ रायपूरच्याही पलीकडे आहे. भिलाईहून तिकडे जायचं तर कुम्हारी ओलांडावीच लागते, आणि तिथला उड्डाणपूल होत होता त्या वर्षांत कुम्हारी ओलांडणं हाच एक वेगळा प्रवास होता.

शिवाय जाण्याची वेळ आणि येण्याची वेळ सारखी नसते. सेक्टर सहामध्ये घाटे सर म्हणून गणिताचे शिक्षक राहायचे. निवृत्तीनंतर मुलाकडे मुंबईला जाण्यासाठी त्यांनी दोन्ही बाजूंचं तिकीट काढलं आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन परत आले.

"अंतर तेच न?" ते म्हणाले.

"तेच."

"इमान तेच न?"

"बहुतेक."

"मंग जाताना पंधरा मिनिटं जास्त कावून लिहिले? हे छापताना चुकले."

मी त्यांना सांगितलं की वर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच. मुंबईहून येताना तो पाठीशी असतो आणि जाताना तोंडावर. सर थोडा वेळ तिकिटाकडे बघत राहिले. मग हसले.

"प्रवाहासोबत नाव, प्रवाहाविरुद्ध नाव. तीस वर्षं पोरांले हेच गणित शिकवून राहिलो, आणि तुमच्या दुकानात येऊन नापास झालो पाहा."

असंच दुसरं गिऱ्हाईक म्हणजे लांजेवार. कारखान्याच्या कोकओव्हनमधून निवृत्त झालेले, तापट पण मनाने साधे. त्यांच्या इवायाने, म्हणजे मुलाच्या सासऱ्याने, विमानाने गोव्याची सहल केली होती. आता त्याच इवायाकडे नागपूरला बारसं होतं. लांजेवार म्हणाले, आपणही विमानानेच जायचं.

"काका, रायपूर-नागपूर सरळ विमान सध्या नाही. मुंबईला जाऊन परत नागपूरला यावं लागेल."

"नागपूर किती दूर हाय?"

"सरळ रेघेत पावणेतीनशे किलोमीटर."

"मंग अर्ध्या तासाचं काम हाय. तुले इमानाचं नाही समजत, तू रेल्वेवालाच राह्यला."

शोभाने मध्ये पडून सांगितलं, "काका, दुर्गहून गाडीत बसाल तं पाच तासात नागपुरात उतराल. काकूसोबत डबा खात जा." त्यांनी ऐकलं नाही. ते सकाळी आठला घरून निघाले. काकूंना विमानाची भीती वाटत होती, म्हणून त्या दुपारच्या गाडीने गेल्या. संध्याकाळी साडेसहाला लांजेवार इवायाच्या दारात पोचले तेव्हा दार काकूंनीच उघडलं. त्यांची आंघोळ होऊन बाळाला मांडीवर घेऊन झालं होतं. "आले काय आभाळातून?" म्हणाल्या, "पाय धुवा." हे आम्हाला काकूंनीच सांगितलं. लांजेवारांनी त्यानंतर आमच्या दुकानासमोरून जाताना दोन महिने मान वळवली नाही.

आता पहिली चूक.

आमच्या लोकांबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. भिलाई-दुर्गची बरीचशी मराठी घरं नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेली आहेत. कुणी रेल्वेत, कुणी कारखान्यात. गावं अजून तिकडेच आहेत. घरात कुणी वारलं की निरोप रेल्वेच्या ओळीने जातो आणि माणसं रेल्वेनेच येतात. सकाळच्या गाडीने येणार, संध्याकाळच्या लोकलने परत जाणार, कारण संध्याकाळी छोट्या स्टेशनांवर तीच थांबते. म्हणून माती किती वाजता उचलायची हे पंचांग पाहून ठरत नाही. ते या दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत बसवलं जातं. येणाऱ्यांनी तोंड पाहिलं पाहिजे, आणि माती, आंघोळ आणि कडू घास, म्हणजे मातीनंतरचं पहिलं जेवण, होऊन त्यांना परतीची गाडी मिळाली पाहिजे. घरातला एखादा निवृत्त रेल्वेवाला हे सगळं तोंडी जुळवतो. कुणाला यात निष्ठुरपणा दिसेल. मला ती सोय वाटत आली आहे. लोक येतात, कारण त्यांना परत जाता येतं.

मुलं विमानाने येऊ लागली तेव्हा हे गणित अवघड झालं. रेल्वेवाल्याला गाडीची वेळ पाठ असते, विमानाची नसते. मग लोक आम्हाला फोन करू लागले.

सेक्टर सहामधल्या कापगते यांची आई वारली. धाकटा मुलगा प्रमोद इथेच कारखान्यात होता, थोरला विनोद बेंगळुरूला. विनोदचं तिकीट मी काढलं. तासाभराने प्रमोदचा फोन आला. मागे बायकांचा आवाज येत होता.

"काका, दादा कितीले येते?"

मी पडद्यावर पाहिलं आणि म्हणालो, "सव्वादोनला."

त्यांच्या काकांनी, रामाजींनी, त्यावर पाऊण तास थांबायचं ठरवलं. सव्वादोनला येईल, तोंड पाहील, तीनला उचलू. सव्वादोनला विनोद रायपूरच्या धावपट्टीवर होता. तीनला तो टॅक्सीत बसत होता. साडेतीनपर्यंत लोक थांबले, मग लोकलवाले चुळबुळ करू लागले आणि रामाजी म्हणाले, चला. थोरल्या मुलाने अग्नी द्यायचा, तो प्रमोदने दिला. विनोद मुक्तिधामात पोचला तेव्हा माणसं परत फिरत होती. त्याच्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग होती असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

तेराव्यानंतर तो परतीचं तिकीट घ्यायला दुकानात आला. मी काहीतरी बोलायला गेलो. तो म्हणाला, "नाही काका, तुमचा टाइम बरोबरच होता. सव्वादोनलेच उतरलो मी." त्यात टोमणा नव्हता. तो इंजिनियर होता, त्याने आकडा तपासला होता आणि आकडा बरोबर निघाला होता.

तो गेल्यावर शोभा म्हणाली, "प्रमोदनं दादा घरी कधी येते ते पुसलं होतं. तुमी इमान कधी उतरते ते सांगतलं."

मी म्हणालो, "त्याने समजून घ्यायला हवं होतं."

"ज्याची आई गेली, त्यानं समजून घ्यायचं? आपण कायले बसलो इथं?"

दुसऱ्या दिवसापासून तिने एक काम सुरू केलं. आमच्याकडून तिकीट घेऊन कुणीही बाहेरून भिलाईला आलं की ती फोन करायची. "पोचले न? घराचं दार कितीले उघडलं?" लोकांना हे विचित्र वाटायचं. एका बाईंनी विचारलं, "तुमी विमावाल्या आहा काय?" शोभा वहीत लिहायची: उतरण्याची वेळ, दाराची वेळ, आणि मधल्या वेळेचं कारण. दोन-तीन वर्षांत त्या वहीतून असं ज्ञान जमा झालं जे कुठल्याही वेळापत्रकात नव्हतं. सामानाची बॅग असली तर वीस मिनिटं. सोबत म्हातारं माणूस असलं तर आणखी पंधरा. पुलाचं काम चालू असताना कुम्हारीला चाळीस, पाऊस असला तर तासभरही. लग्नसराईत रायपूरच्या बाहेर पडायला पंचवीस. आणि मातीला येणारा माणूस वाटेत एकदा हार घ्यायला उतरतोच, त्याची सात.

त्यानंतर आम्ही कुणालाही विमानाची वेळ सांगितली नाही. दारापर्यंतची वेळ सांगायचो. सेक्टर सहापासून कुम्हारीपर्यंतच्या मराठी घरांत कुणी गेलं की आम्हाला फोन यायचा. मी वेळ सांगायचो आणि तिकडे कुणीतरी मोठ्याने ती सगळ्यांना सांगायचं. पुन्हा कुणी विचारायचं नाही, पक्कं का म्हणून. पाच-दहा मिनिटांचा फरक पडायचा, त्याहून जास्त नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. आकडे शोभाचे होते, पण फोनवर आवाज माझा असायचा, त्यामुळे नाव माझं झालं. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीही कधी दुरुस्ती केली नाही.

शोभा गेली ती हृदयाच्या झटक्याने, पहाटे. दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा उजाडलं होतं. आमची एकच मुलगी, मनीषा, पुण्याला नोकरी करते. मी तिला फोन केला आणि मग घरचा संगणक उघडून तिचं तिकीट काढलं. सरळ विमानात जागा नव्हती. हैदराबादला बदलून जाणारं मिळालं. सवयीने नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं. तिला संदेश पाठवला: उतरणं ३.५५, घर ५.२०, बॅग हातातच ठेव.

अकराच्या सुमाराला शोभाच्या माहेरची माणसं आली. सालेकसा, आमगाव, गोंदिया, अशी अठरा माणसं. पुढे तिचे थोरले भाऊ केशवदादा, रेल्वेतून निवृत्त झालेले. सोबत यमुनामावशी, शोभाच्या आईची धाकटी बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मावशीचा नवरा दोन वर्षांपासून लकव्याने अंथरुणाला खिळलेला होता. त्याला शेजारणीच्या भरवशावर सोडून ती आली होती. हे मला माहीत होतं. ती येऊन शोभाच्या उशाशी बसली आणि तिने तिच्या केसांवरून हात फिरवला. ती रडली नाही.

केशवदादा माझ्याजवळ आले. वयाने मोठे, पण मी बहिणीचा नवरा, म्हणून ते मला नेहमी अहोजाहोच करायचे.

"जवाई, माती दोनले काढू. चार-साडेचारपर्यंत आंघोळी होतात. पावणेसहाची लोकल भेटते. मनीषा कितीले येते?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मुलगा असता तर प्रश्न एवढा कठीण नव्हता. तो विमानतळावरून परस्पर मुक्तिधामात आला असता आणि तिथे का होईना, तोंड दिसलं असतं. आमच्या घरांतल्या बायका मुक्तिधामात जात नाहीत. मुलीने आईला पाहायचं तर घरीच, माती उठायच्या आधी. नंतर काही नाही.

मला माहीत होतं की पाच-वीस. पाच-वीस म्हटलं असतं तर लोकल गेली, दिवस मावळतीला टेकला, अठरा माणसांची रात्रीची सोय आली. केशवदादा शहाणे होते, पण त्यांच्यावर अठरा माणसं होती. ते म्हणतील, जवाई, नाही जमत. तसं एकदा म्हटल्यावर मला वाद घालता आला नसता. माझा स्वभाव वादाचा नाही.

आणखी एक गोष्ट मला धंद्यामुळे माहीत होती. विमानाला उशीर झाला की कंपनी कधीच तीन तास म्हणत नाही. ती अर्धा तास म्हणते, मग पुन्हा अर्धा तास. तीन तास ऐकून माणूस उठून जातो. अर्धा-अर्धा तास करत तोच माणूस संध्याकाळपर्यंत बसून राहतो.

"तीनला," मी म्हणालो.

केशवदादांनी पक्कं का असं विचारलं नाही. ते वळले आणि अंगणात मोठ्याने म्हणाले, "तीनले येते मनीषा. जवायानं टाइम सांगतला. तीनले उचलू." लोकांनी फोन काढून आपापल्या घरी कळवलं. मावशीनेही शेजारणीला कळवलं, की रात्री आठपर्यंत येते.

तीन वाजले. मी म्हणालो, उतरलीय, येतेय. त्या वेळी ती हैदराबादहून निघून वाटेत कुठेतरी असणार. साडेतीनला कुणीतरी विचारलं, तर मी म्हणालो, कुम्हारीत अडकली. त्यावर कुम्हारीबद्दल बरंच बोलणं झालं. प्रत्येकाचा कुम्हारीत अडकल्याचा एक किस्सा होता आणि तो सांगण्यात पंचवीस मिनिटं गेली. मला वाटलं होतं खोटं बोलताना आवाज बदलेल. तो बदलला नाही. नेहमी सांगतो तसाच सांगत होतो.

सव्वाचारला केशवदादांचा मुलगा राजेश म्हणाला, "मामाजी, मी मोटरसायकलनं कुम्हारीले जाऊन तिले घेऊन येतो. गाड्यांच्या मधून काढून आणतो."

"चुकामूक होईल," मी म्हणालो.

"फोन लावतो न तिले."

"तिच्या फोनची बॅटरी संपलीय."

हे चौथं खोटं. राजेश पुन्हा बसला. मनीषा तेव्हा खरोखरच टॅक्सीत बसत असणार.

पाच वाजता केशवदादा घड्याळाकडे पाहून म्हणाले, "लोकल गेली समजा." यमुनामावशीने कुणाचातरी फोन मागून शेजारणीला लावला. कुणी उचलला नाही. तिने तो परत दिला आणि पुन्हा शोभाच्या उशाशी जाऊन बसली. मी हे पाहिलं. पण त्या क्षणी माझं सगळं लक्ष फाटकाकडे होतं.

सव्वापाचला टॅक्सी आली. मनीषा आत गेली. बायकांनी तिला जागा करून दिली. ती आईजवळ किती वेळ होती हे मी घड्याळात पाहिलं नाही. मग ती उठली, बाहेर माझ्याकडे आली. तिचं शिक्षण हिंदीत झालं, ती दुःखात आणि रागात हिंदीच बोलते.

"बाबा, आपने पाँच-बीस लिखा था. मैं पाँच मिनट पहले पहुँच गई."

तिच्या आवाजात एक प्रकारचा अभिमान होता. आईच्या वहीचा असेल. अंगणात सगळे उभे होते, सगळ्यांनी ऐकलं. केशवदादा तिरडीजवळ वाकलेले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली पाहून दोरीची गाठ पुन्हा घट्ट केली आणि म्हणाले, "चला, उचला."

अग्नी दिला तेव्हा थोडा उजेड शिल्लक होता.

अठरा माणसं राहिली. शेजारच्यांनी सतरंज्या दिल्या, कुणी भात-वरण आणून दिलं. सकाळी मी अंगणात बसलो होतो. केशवदादा तोंड धुऊन काळा चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसले.

"जवाई, पाच-वीस तुमाले सकाळपासून मालूम होते."

"होते."

"मंग तीन कावून म्हटलं?"

"तुम्ही थांबला नसता, दादा."

"हे तुमीच ठरवलं. मले पुसलं काय?"

मी शेजारची सतरंजी ओढून तिची घडी घालू लागलो.

"माह्यी बहीण होती ते," ते म्हणाले. "तिच्या पोरीसाठी मी एक रात्र जमिनीवर पडून राह्यलो नसतो काय? आमी राह्यलोच न रात्री? कोनी मेलं काय त्यानं?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "दोनची गाडी होती न दुर्गहून. सालेकशाले थांबते. तुमाले तं पाठ हाय. मावशीले तिच्यात बसवून दिलं असतं, बाकी आमी थांबलो असतो. एवढंच होतं. तुमी सांगतलं असतं तं मावशीनंच म्हटलं असतं, मले सोडा, पोरीले येऊ द्या."

मग त्यांनी सांगितलं की पहाटे शेजारणीचा फोन लागला. ती रात्री आठनंतर एका लग्नाला गेली होती, मावशी आली असेल असं समजून. मावशीचा नवरा रात्रभर ओल्या अंथरुणात पडून होता. पाण्याचा तांब्या हाताला लागत नव्हता. बाकी ठीक आहे, केशवदादा म्हणाले, शिव्या देऊन राह्यले म्हणते, म्हणजे ठीकच.

केशवदादा खरं बोलत होते, की रात्र निघून गेल्यावर माणसाला असं म्हणणं सोपं जातं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सकाळी अकराला मी पाच-वीस म्हटलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही. मनीषाला तिची आई दिसली, याची मला खंत नाही. पण दोनची गाडी मला खरोखर पाठ होती. लोकांना त्यांच्या गाड्यांशी जुळवून देणं एवढंच काम मी तीस वर्षं केलं होतं, आणि त्या दिवशी समोर बसलेल्या एका म्हातारीसाठी ती गाडी माझ्या मनातसुद्धा आली नाही.

सकाळच्या गाडीसाठी मावशीला दुर्ग स्टेशनवर मीच घेऊन गेलो. बाकीचे राख सावडायला थांबले होते. फलाटावर गर्दी नव्हती. मी तिचं तिकीट काढलं, पाण्याची बाटली घेतली आणि बाकावर तिच्या शेजारी बसलो. मग ती म्हणाली, "पोरीनं पाह्यलं न आईचं तोंड?"

"हो मावशी."

"बरं झालं."

तिने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, पुन्हा सोडलं. मग तिच्या पलीकडे एक अनोळखी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तिच्याकडे ती वळली.

"बाई," मावशीने तिला विचारलं, "हे गाडी सालेकशाले कितीले पोचते वं?"

त्या बाईला नीट माहीत नव्हतं. तिने अंदाजाने काहीतरी सांगितलं, ते पाऊण तासाने चुकलेलं होतं. मावशीने मान हलवली आणि गाडी यायच्या दिशेला पाहत बसून राहिली.